आगोटीची बेगमी आणि घरचा हिशेब



मे महिना संपत आला की सारसोळ्यातल्या जुन्या बायका कामाला लागतात. अंगणात, गच्चीवर, जागा मिळेल तिथे सुकट पसरलेली असते. सोडे, सुके बोंबील डब्यात भरून झाकण घट्ट बसवतात. वर्षाचा लाल मसाला कुटून आणतात. तांदूळ, कांदे, चिंच, खडे मीठ, पापड, छपरावर टाकायला ताडपत्री हे सगळे मृग लागायच्या आत घरात यायला हवे. यालाच आपण आगोट म्हणतो. पावसाळ्यात खाडीला उधाण असते, होडी काढता येत नाही, हातात रोकड येत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत घर चालले पाहिजे, म्हणून आधीच बेगमी करायची. ही अक्कल आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शाळेत शिकवली नव्हती.

या पत्रकात आम्ही नवे असे फारसे काही सांगणार नाही. आगोटीचीच रीत बारा महिने कशी लावावी, आणि घरात पाळणा कधी हलावा तेही तिच्यात कसे बसते, एवढेच सांगायचे आहे. नवराबायकोने हे जवळ बसून वाचावे. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने मोठ्याने वाचावे.

पैसा दोन प्रकारचा

आपल्या गावांनी दोन प्रकारचा पैसा पाहिला. पहिला रोजचा. सकाळी जाळ्यात कोलंबी, बोय, चिंबोरी, नशीब असले तर जिताडा आला. कोळणीने टोपली बाजारात नेली. दुपारी पैसे हातात आले. आज शंभर, उद्या पाचशे, परवा काहीच नाही. भातशेती आणि मिठागर होते तेव्हा वर्षाचा तांदूळ घरचा असे, त्यामुळे या रोजच्या पैशावर वरखर्च भागत असे.

दुसरा पैसा एकरकमी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात शेतकऱ्यांनी आंदोलन केले, त्यात पाच जणांनी प्राण दिले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. कुणाला मोबदला, कुणाला भूखंड, कुणाला त्या भूखंडाचे पैसे मिळाले. रोज टोपलीतून येणारा पैसा ज्यांनी पाहिला होता त्यांच्या हाती एकदम मोठी रक्कम पडली.

त्या रकमांचे काय झाले ते प्रत्येक गावाला माहीत आहे. काहींनी घर बांधले, खोल्या काढल्या, त्याचे भाडे आज येते. काहींची रक्कम दोन लग्ने, एक गाडी आणि चार वर्षांचा थाट यांत गेली. कुणाला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. रोजच्या पैशाची सवय असलेल्या माणसाला एकरकमी पैसा सांभाळण्याची सवय नसते, एवढेच खरे. सुकट टिकवायची कशी हे ठाऊक होते, नोट टिकवायची कशी हे कुणी दाखवले नाही.

एका घराचा हिशेब

आता एक घर धरू या. नाव कशाला घ्यायचे, असे घर तुमच्या आळीतही सापडेल. नवरा कंत्राटी कामावर जातो, त्याचे १६,००० रुपये येतात. बायको मासळी विकते. महिन्यातले वीस दिवस, रोजचे ३०० सुटतात असे धरा, म्हणजे ६,०००. मागची एक खोली भाड्याने आहे, तिचे ५,०००. एकूण २७,००० झाले. घरात सासूबाई आहेत. थोरली मुलगी पाच वर्षांची, धाकटी आठ महिन्यांची.

आता खर्च. धान्य-किराणा ७,०००. दूध-भाजी ३,५००. गॅस आणि वीज २,२००. थोरलीची शाळा आणि शिकवणी २,५००. मोबाईल आणि केबल ९००. मोटारसायकलचा हप्ता २,८००, पेट्रोल १,५००. औषधपाणी ८००. तंबाखू, पुडी, बाहेरचा चहा-नाश्ता २,४००. लग्न, हळदी, जत्रा, आहेर यांचे सरासरी १,५००. आणि धाकट्या नणंदेच्या हळदीसाठी काढलेल्या ५०,००० रुपयांचे व्याज, महिना शेकडा तीन दराने १,५००.

बेरीज करून पाहा. २६,६०० होतात. शिल्लक ४०० रुपये. एका मुलाला ताप आला की शिल्लक संपली.

या घरात कुणी आळशी नाही. दोघेही राबतात. पण महिनाअखेर भांडण ठरलेले. तो म्हणतो, "तुझ्याकडे टोपलीचे पैसे असतात, ते जातात कुठे?" ती म्हणते, "तुमचा पगार येतो तो तरी मला कुठे दिसतो?" दोघांचेही खरे आहे, कारण दोघांचे पैसे दोन पिशव्यांत आहेत आणि बेरीज कुणीच केलेली नाही.

म्हणून पहिले काम वहीचे. दहा-वीस रुपयांची शाळेची वही पुरे. डाव्या पानावर आले किती, उजव्या पानावर गेले किती. एक महिना काही बदलू नका, कुणाला बोलू नका, फक्त लिहा. चहाचे पैसेही लिहा, मुलीला दिलेले चॉकलेटही लिहा. महिना झाला की रविवारी दोघांनी मिळून बेरीज करायची. कोळी-आगरी घरात बाजाराचा हिशेब बाईच्या हातात असतो. मासळीचा वाटा पाहून भाव सांगणारी आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत गप्प करणारी बाई वहीचा हिशेब करू शकणार नाही, असे म्हणणाऱ्याने बाजारात जाऊन तिला पाहावे.

व्याज हे कसे खाते

वरच्या खर्चातल्या कुठल्या आकड्याला आधी हात लावायचा? पुष्कळ घरांत सुरुवात दुधापासून होते. मुलीचे दूध अर्धा लिटरने कमी करतात. हे करू नका. आठ महिन्यांच्या मुलीला अंगावरच्या दुधासोबत वरचा आहार हवा, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या ताटात डाळ, अंडे, मासळी हवी. त्या ताटातून काढलेले दहा रुपये दवाखान्यात शंभर होऊन परत जातात.

आधी व्याजाकडे पाहा. शेकडा तीन ऐकायला लहान वाटते. पण ते महिन्याचे आहे, वर्षाचे शेकडा छत्तीस झाले. ५०,००० वर महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. तीन वर्षे नुसते व्याज भरले तर ५४,००० गेले आणि मुद्दल ५०,००० तसेच्या तसे उभे.

आता याच घरात बायकोच्या पेटीत थोडे सोने आहे. सोने हलवायचे म्हटले की जीव खाली-वर होतो, ते स्वाभाविक आहे. पण बँकेकडे ते तारण ठेवून ५०,००० घेतले आणि बाहेरचे कर्ज फेडले, तर व्याज वर्षाला शेकडा बारा धरले तरी पहिल्या महिन्याला ५०० पडेल. दर प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तो विचारून, कागदावर लिहून घेऊनच सही करा. महिन्याला २,००० नियमाने भरत राहिले तर २९ महिन्यांत मुद्दल-व्याज दोन्ही फिटून सोने परत पेटीत येते. नुसती जागा बदलली, आणि कधीच न संपणारे कर्ज संपणारे झाले. मात्र हप्ते चुकवले तर सोने जाईल, हेही नीट ध्यानात ठेवा. सोने बायकोचे आहे, तेव्हा हा निर्णय तिच्या मर्जीशिवाय होऊ नये.

दुसरा आकडा २,४०० चा, तंबाखू आणि बाहेरचा नाश्ता. एकदम बंद करा म्हटले तर कुणी ऐकणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. अर्धा करा. न्याहारीची भाकरी घरून न्या, पुडी टाळा. १,२०० वाचले. तंबाखू पूर्ण सुटली तर पैसेही वाचतील आणि तोंडाच्या कर्करोगाची भीतीही घटेल.

आता नवा हिशेब असा: व्याजातले १,००० वाचले, नाश्ता-पुडीतले १,२०० वाचले, आधीची शिल्लक ४००. एकूण २,६००. त्यातले १,५०० कर्जाच्या मुद्दलात, ५०० पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, आणि ६०० आगोटीच्या डब्यात. पोस्टातली ही ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडता येते; ५०० प्रमाणे पाच वर्षांत ३०,००० जमतात, वर व्याज वेगळे. आगोटीचा डबा गणपतीत उघडायचा आणि मे महिन्यात फोडायचा. नऊ महिन्यांत ५,४०० होतात. मग आगोट उधारीवर भरावी लागत नाही. बचत गट किंवा ओळखीच्या बायकांची भिशी असली तर तीही चांगली, पण गटाचे पैसे बँकेच्या खात्यात आणि नोंदवहीत दिसले पाहिजेत. दामदुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एक लहानसा खर्च मात्र वाढवा. बँकेत खाते असले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा विमा मिळतो, आणि जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख मिळतात. दोघांचे दोन्ही विमे धरून वर्षाला ९१२ रुपये. खाडीत जाणाऱ्या आणि पाम बीचचा रस्ता ओलांडून जेट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी हा कागद असावा.

हळदीचा मांडव

हा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, रोषणाई, बँजो, डीजे, मटणाची जेवणे, आणि त्यासोबत जे येते ते. जुन्या हळदीत धवलारीण बसून धवले गात असे, आळीतल्या बायका साथ देत, पाहुण्यांना भात-मासळी मिळत असे. त्या हळदीला कर्ज काढावे लागत नव्हते. आजही ज्या घरी धवलारीण बोलावतात त्या घरची हळद लोकांच्या जास्त लक्षात राहते, असे आमचे मत आहे. डीजे सगळ्यांचा सारखाच वाजतो.

एकट्या घराने खर्च कमी केला तर लोक बोलतात. म्हणून हे आळीने ठरवावे. गावकीच्या बैठकीत दहा घरांनी एकत्र येऊन जेवणाचा आणि वाजंत्रीचा आकडा ठरवला, तर कुणालाच कमीपणा वाटत नाही. आणि दारूचा खर्च हळदीच्या हिशेबात लिहूनच पाहा. लिहिला की बऱ्याच घरांत तो आपोआप पुढच्या वेळी कमी होतो.

पाळण्याची तारीख

आता वर धरलेल्या घराकडे परत जाऊ. कर्ज फिटायला २९ महिने. धाकटी आता आठ महिन्यांची, म्हणजे तेव्हा ती तीन वर्षांची झालेली असेल. या काळात पुन्हा दिवस गेले तर काय होईल? बायकोचा बाजार बंद पडेल, म्हणजे ६,००० थांबतील. कर्जाचा हप्ता चुकेल. सोने अडकेल. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तिच्या अंगात रक्त भरून आलेले नसताना पुन्हा बाळंतपण. बाळंतपणानंतर किमान दोन वर्षे पुढचे दिवस जाऊ देऊ नयेत असे डॉक्टर सांगतात, ते आईच्या आणि बाळाच्या जिवासाठी.

सासूबाई म्हणतात, "दोनी पोरी. एक पोऱ्या तं पायजे."

सासूबाईंवर रागावण्यात अर्थ नाही. त्यांच्या वेळी होडी वल्हवायला आणि म्हातारपणी सांभाळायला मुलगाच, असा हिशेब होता. पण आजचा हिशेब त्यांनाच मांडून दाखवावा. "आई, मासळी बाजारात कोण विकते? तुम्ही विकलीत, मी विकते. हे घर चालवले कुणी?" आणि आणखी एक गोष्ट नवऱ्याने स्वतः आईला सांगावी: मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते, बाईचा त्यात दोष नाही. पोटातले बाळ मुलगा की मुलगी हे तपासून घेणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सांगणाराही अडकतो, विचारणाराही.

मग या जोडप्याने काय करावे? तिसरे मूल हवे की नको, हे अजून त्यांचे पक्के नाही. पक्के नसेल तर घाईने शस्त्रक्रिया करू नये. पाळणा लांबवण्याची साधने आहेत, ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, किंवा मग सहा आठवड्यांनंतर. एक प्रकार पाच वर्षे चालतो, दुसरा दहा वर्षे. मूल हवे झाले की काढून टाकता येते, गर्भ राहण्याची शक्ती लगेच परत येते. पहिले काही महिने पाळी थोडी जास्त जाते, कंबर दुखते. फार त्रास झाला तर अंगावर काढू नका, नर्सबाईंना दाखवा.

अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पाळी पुढे-मागे होते किंवा थांबते, त्याने घाबरू नये. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, तेही आधीच लक्षात घ्यावे. छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. रोजची माला-एन गोळी मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. निरोध तर सगळ्यांना ठाऊक आहे. तो गुप्तरोगापासूनही वाचवतो, फक्त दर वेळी वापरला पाहिजे. 'आजच्या दिवशी काय होते' म्हणून चालत नाही.

कोणते साधन कुणाला मानवेल हे तपासूनच ठरते. रक्तदाब, मधुमेह, कावीळ, आधीचे सिझर, जे असेल ते लपवू नका.

आणि मूल पुरे असे दोघांचे पक्के ठरले तर? तेव्हा नेहमी बाईच पुढे केली जाते. हे आम्हाला पटत नाही. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची आहे, काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येते. बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती सोपी आहे. शक्ती कमी होत नाही, संबंधात फरक पडत नाही, जड काम थोडे दिवस टाळले की होडीवर पुन्हा जाता येते. एकच पथ्य: पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. ते न केल्यामुळे फजिती झाल्यावर शस्त्रक्रियेला दोष देऊ नये.

जुन्या माणसांच्या मनात १९७६ सालची आठवण आहे. आणीबाणीत देशात नसबंदीची सक्ती झाली, माणसे पळून रानात लपली. त्या भीतीने पुढे कितीतरी वर्षे लोक आरोग्यसेविकेला पाहून दार लावून घेत. म्हणून स्पष्ट सांगतो: कुणीही तुमच्यावर कोणत्याही साधनाची सक्ती करू शकत नाही. माहिती विचारायला गेलात म्हणजे अंगठा दिला असे होत नाही.

दोनच मुले, तरी पैसा पुरत नाही

पूर्वीची पत्रके म्हणत, लहान कुटुंब म्हणजे सुखी कुटुंब. हे अर्धे खरे निघाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुले आढळली. कुटुंब लहान झाले आहे. तरीही दोन मुलांच्या घरात व्याज चालूच आहे, कारण वाचलेला पैसा हप्त्यांत आणि हळदीत गेला. पाळणा थांबल्याने पैसा आपोआप साठत नाही. मूल कधी हवे हे ज्या जोडप्याने बसून ठरवले, त्याने त्याच बैठकीत वहीही उघडावी. दोन्ही गोष्टींना एकच सवय लागते: रात्री जेवण झाल्यावर नवराबायकोने दारूशिवाय आणि भांडणाशिवाय अर्धा तास बोलणे.

सासूबाईंनाही बसवा. आगोट कशी भरायची ते त्यांना चांगले येते. पाच वर्षांच्या नातीच्या शिक्षणाची आगोट किती महिने आधी भरायला घ्यावी, हे त्यांनाच विचारा.

वहीच्या शेवटच्या पानावर या तारखा लिहून ठेवा: बँकेच्या हप्त्याची, पोस्टात पैसे भरण्याची, विमा कापला जाण्याची (हे दोन्ही विमे दरवर्षी १ जूनला सुरू होतात, तेव्हा मे अखेर खात्यात पैसे हवेत), धाकटीच्या पुढच्या लसीची, आणि अंतराचे इंजेक्शन घेत असाल तर पुढच्या इंजेक्शनची. तारखेला बाजाराचा दिवस आला तर आदल्या दिवशी जाऊन या. पत्ता शोधत बसायला नको. आळीत येणाऱ्या आशाताईंना किंवा महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारा. जाताना दोघेही जा.